सेंट आइव्ज: मासे गेले, मग चित्रकार आले (जाऊन आलेल्यांनी आणि जाणार असलेल्यांनी इथे लिहा)

ओलीवाळू

आधी कबुली देते. मी गेले होते बार्बरा हेपवर्थच्या शिल्पांसाठी आणि परत आले ती एका भंगारवाल्याच्या चित्रांवर जीव जडवून.

गाव इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये. आम्ही पाच दिवस त्या भागात होतो, त्यातले साडेतीन सेंट आइव्जला. पहिल्या सकाळी शहाण्यासारखं वेळापत्रक केलं होतं: दहाला टेट हे कलासंग्रहालय, बाराला हेपवर्थचं घर (आता तेही संग्रहालय), मग जेवण. पण झोपच लागेना, म्हणून सहालाच धक्क्यावर जाऊन बसले. ओहोटी होती. बंदरातलं पाणी पार निघून गेलेलं आणि होड्या वाळूत एका कुशीवर कलून पडलेल्या. एक म्हातारेबुवा गमबूट घालून त्या वाळूतून चालत आपल्या होडीपाशी गेले, दोरखंड चाचपला, परत आले. तासाभरात पाणी शिरायला लागलं आणि होड्या एकेक करून उठून बसल्या. तो धक्का जॉन स्मीटन या अभियंत्याने १७७० साली पुरा केला. तेव्हापासून रोज दोन वेळा हे असंच चालू असणार.

नंतर टेटमध्ये आल्फ्रेड वॉलिसची चित्रं पाहिली आणि थबकलेच. तोच धक्का, त्याच होड्या. पण होड्या घरांपेक्षा मोठ्या, दीपगृह कुठूनही दिसावं असं कुठेही उभं, समुद्र पांढरा आणि करडा. कॅनव्हास नाहीच. किराण्याच्या खोक्याचा पुठ्ठा, तोही वाकडातिकडा फाटलेला, आणि ज्या बाजूने फाटला असेल त्या बाजूने होडी वळवलेली.

हा माणूस १८५५चा. लहानपणापासून समुद्रावर, मग गावात जहाजांचं जुनं सामान, दोरखंड, लोखंड घेण्या-विकण्याचं दुकान. बायको त्याच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी होती. ती १९२२ साली गेली आणि सत्तरीच्या आसपास, सोबत हवी म्हणून, त्याने रंगवायला सुरुवात केली. शिकला कुणाकडेच नाही. रंग होड्यांना द्यायचा असतो तोच. १९२८च्या ऑगस्टमध्ये बेन निकल्सन आणि क्रिस्टोफर वुड हे दोन तरुण चित्रकार बॅक रोड वेस्टवरून चालले होते. उघड्या दारातून आत भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेली चित्रं दिसली. बाकी इतिहास म्हणतात तो इथून सुरू होतो.

म्हणून माझा सल्ला: संग्रहालय दुसऱ्या दिवशी. पहिला दिवस धक्का, वाळू आणि भरती-ओहोटी. नाहीतर वॉलिसची चित्रं लहान मुलाने काढल्यासारखी वाटतील. माझ्या नवऱ्याला तशीच वाटली, कारण तो सहा वाजता झोपला होता.

अजून लिहीन. कुणी गेलंय का?

---

अर्धवटराव

दोनदा गेलोय. थोडक्यात सांगतो: मासेमारीचं गाव, ज्यात मासे फक्त चुंबकांवर आणि चहाच्या मगांवर. घराबाहेर किल्लीची पेटी, म्हणजे भाड्याचं. हिवाळ्यात रात्री गल्लीत दिवे मोजा, एका हाताची बोटं पुरतात.

---

रापणकर

@अर्धवटराव, खरंय, पण कारण उलटं लावू नका. पर्यटक आले म्हणून मासे गेले नाहीत. मासे गेले म्हणून गाव रिकामं झालं, आणि रिकामं झालं म्हणून चित्रकार आले. ओलीवाळू यांनी शीर्षक अचूक दिलंय, मी फक्त मधली कडी जोडतो.

सेंट आइव्ज जगत होतं पिलचर्डवर. पिलचर्ड म्हणजे आपल्या तारलीची जवळची नातेवाईक. पद्धत ऐकलीत तर चकित व्हाल, कारण ती आपल्या रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या पद्धतीच्या, फार जवळ जाते. कड्यावर एक माणूस बसायचा, त्याला ह्युअर म्हणत. त्याचं काम एकच: दिवसभर पाणी बघत राहायचं. थवा आला की पाण्याचा रंग बदलतो, लालसर जांभळी सावली सरकल्यासारखी दिसते. ती दिसली की तो ओरडायचा, "हेव्वा! हेव्वा!" सगळं गाव हातातलं काम टाकून किनाऱ्यावर. पण खरी कला त्यापुढची. खालच्या होडीवाल्यांना थवा दिसतच नाही, तो फक्त वरून दिसतो. म्हणून ह्युअर दोन्ही हातांत झुडपांचे झुबके घेऊन खुणा करायचा: डावीकडे, अजून पुढे, आता टाका जाळं. कड्यावरच्या एका माणसाच्या हातवाऱ्यांवर खाली जाळ्याचं कडं पडायचं. मग ते उथळ पाण्यात ओढून आणायचं आणि सवडीने मासळी उपसायची.

पुढचं काम बायकांचं. घरांचा तळमजला म्हणजे मासळीचं कोठार, कुटुंब वरच्या मजल्यावर. म्हणूनच तिथल्या जुन्या घरांना बाहेरून दगडी पायऱ्या दिसतात. खाली मीठ आणि मासे, थरावर थर, भिंतीसारखे रचून ठेवायचे. मग धुऊन पिंपात दाबून भरायचे. दाबताना जे तेल निघे ते दिव्यांना. पिंपं जायची इटलीला, उपासाच्या दिवसांत मांस चालत नाही पण मासे चालतात म्हणून. म्हणजे कट्टर प्रोटेस्टंट गाव कॅथलिकांच्या उपासावर पोसलं जात होतं!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थवे येईनासे झाले. शिडं शिवायचे माळे, जाळ्यांची कोठारं, सगळं ओस. त्याआधी १८७७ साली रेल्वे आलेली होतीच. आता चित्रकाराच्या डोक्याने विचार करा: उंच छताची मोठी खोली, भाडं कमी, छताला उत्तरेकडे काच बसवली की दिवसभर एकसारखा उजेड, आणि लंडनहून थेट गाडी. अजून काय पाहिजे?

पोर्थमीर किनाऱ्यावरचे स्टुडिओ अजून तसेच आहेत. वर चित्रकार, खाली कोळ्यांची जाळ्यांची कोठारं. खालची मंडळी अजून वापरतात. माझ्या मते अख्ख्या गावातली पाहण्यासारखी जागा ती एकच.

---

मिनूची_आई

रापणकर, अंगावर काटा आला हो. झुडपांच्या खुणा!

माझा प्रश्न अगदी घरगुती आहे. जूनमध्ये आम्ही दोघं, मुलगी (वय ७) आणि सासूबाई जाणार आहोत. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या पूर्ण शाकाहारी. जमेल का? गाडी घेऊन जावं की ट्रेनने?

---

थंड_चहा

ताई, गाडी नको. हे मी पोळलेल्या तोंडाने सांगतोय. सॅट-नॅवने मला डाउनअलॉन्गच्या गल्लीत नेलं. डाउनअलॉन्ग म्हणजे खालची जुनी कोळीवस्ती. दोन्ही आरसे मिटून घेतले तरी भिंत आणि गाडी यांच्यात वर्तमानपत्राची घडी जेमतेम बसेल. मागे उलट येताना एका आजींनी खिडकीतून मला मार्गदर्शन केलं, अगदी ह्युअरसारखं.

ट्रेन अशी: लंडन पॅडिंग्टनहून पेन्झॅन्सची गाडी, साधारण पाच तास. शेवटच्या स्टेशनाच्या एक आधी, सेंट अर्थला उतरायचं. तिथून सेंट आइव्जची छोटी गाडी, जेमतेम सव्वाचार मैलांचा फाटा. उजव्या बाजूला बसा. पुन्हा सांगतो, उजव्या. आधी खाडी, मग एकदम कार्बिस बे आणि खाली निळा-हिरवा समुद्र. मुलगी खिडकी सोडणार नाही. गाडी असेलच तर ती सेंट अर्थला स्टेशनाबाहेर लावा आणि हीच ट्रेन पकडा, त्यासाठीच तिथे मोठा वाहनतळ केलाय. पॅडिंग्टनहून रात्रीची शयनयान गाडीही आहे, शनिवार सोडून.

गुडघे: राहायला बंदराजवळ बघा. वरच्या बाजूची घरं स्वस्त आणि देखणी, पण प्रत्येक दूध-पावासाठी चढण. टेटमध्ये लिफ्ट आहे. हेपवर्थच्या घरात वरच्या खोलीला जिना आहे, बाग मात्र फिरता येईल.

खाणं: तिथली पेस्टी म्हणजे थोरली करंजी समजा. पण कॉर्निश पेस्टी या नावाने जी मिळते तिच्यात बीफ, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा सलगमाचा भाऊ. २०११पासून त्या नावाला भौगोलिक संरक्षण आहे, म्हणजे सारण बदलून ते नाव लावता येत नाही. सासूबाईंसाठी चीज-कांद्याची वेगळी मागा, ती जवळपास सगळीकडे असते. आणि काहीही उघड्यावर, धक्क्यावर उभं राहून खाऊ नका. सीगल.

---

ओलीवाळू

सीगलबद्दल +१०००. माझी अर्धी पेस्टी गेली. डोक्यामागून आला, पंख गालाला लागले, आणि समोरचे दोन स्थानिक असे हसले की जणू रोजचा खेळ बघायलाच बसलेत. भिंतीला पाठ लावून खायचं असतं, हे मागाहून कळलं.

---

काळी_शाई

धागा छान चाललाय, पण वॉलिसच्या बाबतीत जरा थंड पाणी ओतते. माफ करा.

"भोळा म्हातारा कोळी आणि त्याला शोधून काढणारे तरुण चित्रकार" ही गोष्ट फार गोड आहे, आणि ती सांगणारे सगळे दुसऱ्या बाजूचे. निकल्सनला त्या वेळी जे हवं होतं ते वॉलिसकडे आयतं होतं: यथादर्शन (जवळचं मोठं, लांबचं लहान) नाही, चित्र म्हणजे रंगवलेली एक वस्तू, पुठ्ठ्याच्या आकाराला मान. निकल्सनच्या कामात त्यानंतर काय बदललं ते डोळ्यांना दिसतं. वॉलिसच्या आयुष्यात काय बदललं? चित्रं काही शिलिंगांना जात राहिली. १९४२ साली तो मॅड्रनच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांच्या सरकारी आश्रमात, वारला, जिथे जायची गरीब लोकांना आयुष्यभर धास्ती असायची. आता त्याच चित्रांना काचेआड वेगळा दिवा असतो.

आणि "भोळा" का? तो स्वतः म्हणायचा की मी आठवणीतून रंगवतो, जे असायचं आणि आता दिसणार नाही ते. पिलचर्ड गेले, शिडांची जहाजं गेली, इंजिनं आली. रापणकर यांनी जे वर लिहिलंय ते सगळं त्याने डोळ्यांदेखत संपताना पाहिलं. होडी घरापेक्षा मोठी का, तर जगण्यात ती घरापेक्षा मोठी होती. हा भोळेपणा नाही, हिशोब आहे.

---

ओलीवाळू

काळी_शाई, शेवटचा परिच्छेद पूर्ण मान्य. मी "जीव जडला" म्हटलं तेव्हा तेच म्हणायचं होतं, तुम्ही नीट म्हटलंत. पहिल्याबद्दल एवढंच, की लंडनच्या टेटमध्ये काम करणाऱ्या जिम ईडसारख्या माणसाने ती चित्रं टपालाने गठ्ठ्यागठ्ठ्याने मागवली आणि जपली, म्हणून केंब्रिजच्या केटल्स यार्ड या संग्रहालयात आज त्यांचा मोठा संग्रह आहे. नाहीतर ते पुठ्ठे शेगडीत गेले असते. शोषण होतं का? कदाचित. पण दुसरा पर्याय शेगडी हा होता.

त्याची कबर मात्र नक्की बघा. टेटच्या मागे वर बार्नून स्मशानभूमी आहे, समुद्राकडे तोंड करून. बेवारस खड्ड्यात पुरलं जाण्याची त्याला भीती होती. चित्रकार मित्रांनी ते होऊ दिलं नाही, आणि बर्नार्ड लीच या कुंभार-कलाकाराने कबरीवर फरशा घडवल्या: एक भलं मोठं दीपगृह आणि त्याच्या दाराशी काठी टेकत चढणारा इवलासा म्हातारा. आजूबाजूला सगळे संगमरवरी क्रूस, आणि मधेच हे भाजलेल्या मातीचं चित्र.

---

काळी_शाई

ती फरशी बघून मी पण गप्प झाले होते. कबूल.

लीचचा विषय निघालाच आहे तर: त्याची पॉटरी गावाच्या वरच्या अंगाला आहे, बंदरापासून पंधरा-वीस मिनिटं चढ. बहुतेक लोक तिथवर जात नाहीत, हे चुकतं. १९२० साली लीच आणि जपानी कुंभार शोजी हमादा जपानहून आले आणि इथे भट्टी बांधली, पश्चिमेतली पहिली जपानी पद्धतीची चढती भट्टी. उतारावर एकाला एक लागून दालनं, खालची आच वरच्यात जाते. गंमत म्हणजे कॉर्नवॉलमध्ये लाकूड मुबलक नाही, आणि ही भट्टी लाकूडखाऊ! सगळं शहाणपण धाब्यावर बसवून उभं राहिलेलं काम आहे ते. आत आजही भांडी घडतात. हातात घेऊन बघा, उजेडात नाही, वजनात गंमत आहे.

आणि कृपा करून हेपवर्थला "दुसऱ्या दिवशी" म्हणून ढकलू नका. १९३९च्या ऑगस्टमध्ये, युद्ध तोंडावर असताना, ती आणि तिचा नवरा (वरचाच बेन निकल्सन) चार वर्षांच्या तिळ्यांना घेऊन इथे आले. १९४९मध्ये तिने ट्रेविन स्टुडिओ (आताचं हेपवर्थ संग्रहालय) घेतला आणि शेवटपर्यंत, १९७५ साली तिथेच लागलेल्या आगीत जाईपर्यंत, तिथेच राहिली. बागेतली ब्राँझ शिल्पं तिने स्वतः लावलेली आहेत. भोकातून बघा, पलीकडे दुसरं शिल्प दिसतं, त्याच्या भोकातून बांबू, वर चर्चचा मनोरा. एका मोठ्या शिल्पाच्या आतून चालत जाता येतं, मिनूला ते आवडेल. पण माझ्यासाठी बागेपेक्षा काचेच्या खोलीतलं अर्धवट राहिलेलं काम जास्त होतं. अर्धे फोडलेले दगड, छिन्न्या, अंगरखे. कुणी चहाला गेलंय आणि येईलच, असं.

समोरच्या रस्त्यावर एक जुना नाचघर-सिनेमा होता, तो तिने १९६१ साली घेतला, कारण मोठी शिल्पं घरात मावेनात. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीसमोर उभं असलेलं शिल्प तिथेच आकाराला आलं. एकवीस फुटांचं. या गल्ल्यांतून!

गावच्या चर्चमध्ये तिची छोटी दगडी माता आणि बालक आहे. १९५३ साली तिचा मोठा मुलगा हवाई दलात असताना विमान अपघातात गेला, त्याच्या आठवणीसाठी. टेट-हेपवर्थ बघून थकलेले लोक तिथे शिरत नाहीत. दोन मिनिटं शिरा.

---

अर्धवटराव

एक विचारतो, खवचटपणे नाही. या सगळ्यांत गावचा कोण? वॉलिस डेव्हनपोर्टचा, हेपवर्थ यॉर्कशरची, लीच हाँगकाँगमध्ये जन्मलेला.

---

काळी_शाई

पीटर लॅनियन. १९१८, जन्म सेंट आइव्जचाच. आणि त्याने काय केलं बघा: हाच किनारा वरून कसा दिसतो हे रंगवता यावं म्हणून ग्लायडर उडवायला शिकला. १९६४ साली ग्लायडरच्याच अपघातानंतर गेला. त्याची चित्रं आधी नुसते निळे-पांढरे फटकारे वाटतात. कड्यावर जोरात वारा खाऊन आल्यावर परत बघायची.

---

रापणकर

म्हणजे तोही एका अर्थी ह्युअरच. थवा वरूनच दिसतो.

अर्धवटराव, तुमच्या किल्लीच्या पेट्यांबद्दल एक राहिलं. गावकरी गप्प बसलेले नाहीत. २०१६ साली गावाने सार्वमत घेतलं: नवं बांधलेलं घर फक्त कायम राहणाऱ्यालाच विकायचं, सुट्टीचं घर म्हणून नाही. ऐंशी टक्क्यांहून जास्त मतं बाजूने. जुनी घरं त्यात येत नाहीत, त्यामुळे मागणी जुन्या घरांकडे वळणार हे उघड आहे. पण निदान प्रश्न मांडला गेला.

आणि खरी मासळी बघायची तर न्यूलिनला जा. पेन्झॅन्सच्या पलीकडे, समुद्राकाठाने चालतही जाता येतं. तिथे बंदर भरलेलं असतं, बर्फाच्या गाड्या धावतात, वास येतो. फोटोत "सुंदर" येणार नाही. चित्रकला तिथे सेंट आइव्जच्या आधी जोर धरून होती: स्टॅनहोप फोर्ब्स १८८४ साली आला आणि किनाऱ्यावरच्या मासळी लिलावाचं मोठं चित्र त्याने उघड्यावर, वाऱ्यात कॅनव्हास बांधून केलं. ओल्या वाळूवर पसरलेले मासे, टोपल्या घेऊन उभ्या बाया, पाण्याची चमक. ते चित्र आता प्लिमथला असतं, पण त्या मंडळींचं बरंच काम पेन्झॅन्सच्या पेनली हाउस संग्रहालयात आहे. त्यांनी कोळ्यांच्या घरातली वाट बघणंही रंगवलं, रात्रभर जळून विझत आलेली मेणबत्ती आणि खिडकीबाहेर खवळलेला समुद्र.

तिथून पुढे छोटं माउसहोल, लिहायचं असं आणि म्हणायचं माउझल. १९ डिसेंबर १९८१च्या वादळात तिथल्या आठ जणांची जीवरक्षक नौका दुसऱ्या जहाजावरच्या लोकांना वाचवायला गेली आणि परत आली नाही. आठही जण त्या एवढ्याशा गावातले. नाताळात तिथे बंदरावर दिव्यांची आरास असते, ती दरवर्षी १९ तारखेला तासभर मालवतात. तिथे फिरताना हे माहीत असावं.

---

थंड_चहा

अवांतर: ब्रिटनच्या नकाशावर डोंगराची उंची लिहिलेली असते ना, ती न्यूलिनच्या समुद्रपातळीपासून मोजलेली. १९१५ ते १९२१ इथल्या धक्क्याच्या टोकाशी भरती-ओहोटी नोंदवून सरासरी काढली, तो शून्य. मला हे कळल्यावर उगाच धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेलो.

---

मिनूची_आई

सगळ्यांचे खूप आभार. सासूबाईंना धागा वाचून दाखवला. म्हणाल्या, दीपगृहाजवळ काठी घेतलेला म्हातारा बघायचाय, गुडघ्यांचं मी बघते.

---

केवडा

धागा वर काढतेय. या सगळ्या याद्या फोनमध्ये घेऊन गेल्या आठवड्यात जाऊन आले.

तीनही दिवस झिमझिम. बार्नूनला वॉलिस सापडायला अर्धा तास लागला, कारण मी उंच दगड शोधत होते आणि तो आडवा आहे, जमिनीसरशी. फरशीवर पाणी साचलं होतं, दीपगृह ओलं झाल्यावर रंग जास्त उठतो. म्हाताऱ्याच्या काठीजवळ कुणीतरी शंख ठेवला होता, मी तो हलवला नाही.

पोर्थमीरच्या स्टुडिओखालचं एक दार अर्धं उघडं होतं. आत हिरव्या जाळ्यांचा ढीग, डांबराचा वास, आणि रेडिओवर फुटबॉल. मी डोकावले तर आतून एक जण म्हणाला, "गॅलरी वर आहे." मी म्हटलं, मला खालचंच बघायचंय. त्याने खांदे उडवले आणि जाळं विणत राहिला. पाचेक मिनिटं उभी राहिले असेन. सुई कशी फिरते ते काही कळलं नाही.

थंड_चहा, उजवीकडेच बसले होते. पण ओहोटी होती, खाडीत नुसता चिखल आणि लांब चोचीचे पक्षी. चिखल छान होता.